हंगामाच्या तोंडावर रिसीव्हरांच्या हातून चेंडू सुटू लागले, तर दोष कुठे शोधावा

ओहायोतील एका लहान महाविद्यालयाच्या अमेरिकन फुटबॉल संघात वाइड रिसीव्हरांचा, म्हणजे पुढे धावत जाऊन पास झेलणाऱ्या खेळाडूंचा, अर्धवेळ प्रशिक्षक म्हणून मी नऊ हंगाम काम केले आहे. त्यांपैकी बहुतेक हंगामांत, ऑगस्टच्या मध्यावर संघातल्या संघात पहिला मोठा सराव सामना झाला, की एकच तक्रार माझ्यापर्यंत येत असे: यंदाचे रिसीव्हर कच्चे आहेत, त्यांच्या हातात चेंडू टिकत नाही, पहिल्या सामन्याआधी काहीतरी करा. तक्रार खरी असते, परंतु तिच्यात केलेले निदान बहुतेक वेळा चुकीचे असते. ज्या मराठी घरांतली मुले इथल्या शाळा-महाविद्यालयांत हा खेळ खेळतात, आणि जे वाचक लहान संघांच्या सरावाला मदत करतात, त्यांच्या उपयोगी पडावी म्हणून ही तपासणी मी करतो त्याच क्रमाने लिहून काढली आहे.

पास ही एक साखळी आहे. मधल्या खेळाडूने चेंडू मागे देणे, म्हणजे स्नॅप, पुढच्या फळीने केलेले संरक्षण, पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकची पावले, त्याची नजर, चेंडूची फिरकी, रिसीव्हरची धाव, आणि सगळ्यांत शेवटी रिसीव्हरचे हात. हात ही शेवटची कडी असल्यामुळे आधीच्या कोणत्याही कडीतला बिघाड लोकांना हातांतच दिसतो, आणि मग चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

लक्षणे

सर्वप्रथम बिघाड नेमका कोणत्या रूपात दिसतो आहे, ते पाहावे. चेंडू दोन्ही हातांना लागून सुटत असेल तर ती एक गोष्ट आहे. चेंडू हातांपर्यंत नीट पोहोचतच नसेल, म्हणजे पाठीमागे, पायांशी किंवा आवाक्याच्या पुढे पडत असेल, तर ती पूर्ण वेगळी गोष्ट आहे. आणि रिसीव्हरवर पहारा ठेवणारा प्रतिस्पर्धी, म्हणजे कॉर्नरबॅक, त्याला असा चिकटून राहत असेल की क्वार्टरबॅकला चेंडू टाकायला जागाच दिसत नाही, तर ती तिसरी. मैदानाबाहेरून हे तिन्ही प्रकार ‘पास फुकट गेला’ असेच दिसतात.

त्यानंतर बिघाडाची वेळ आणि जागा पाहावी. पहिल्या तासात सर्व ठीक असून शेवटच्या अर्ध्या तासात झेल सुटत असतील, तर संशय शरीरावर जातो. एकाच बाजूने किंवा एकाच उंचीवर येणारे चेंडू सुटत असतील, तर डोळे, शिरस्त्राण किंवा हातांची ठेवण यांच्याकडे बोट दाखवता येते. आणि जे लक्षण मला सर्वांत मोलाचे वाटते ते असे: सात विरुद्ध सात या सरावात, जिथे क्वार्टरबॅकच्या अंगावर कोणी धावून येत नाही, पास उत्तम चालतात, पण अकरा विरुद्ध अकरा खेळू लागताच तेच रिसीव्हर अडखळतात. असे घडत असेल, तर रिसीव्हरांना अधिकचा सराव देण्याआधी पुढची फळी आणि क्वार्टरबॅक यांच्याकडे पाहणे आवश्यक आहे.

पहिली तपासणी: वही

हिला एका वहीपलीकडे काहीही खर्च नाही, आणि तरीही ती सर्वाधिक वेळा टाळली जाते. रिसीव्हरकडे टाकलेल्या प्रत्येक पासची नोंद करावी. चेंडू पकडण्यासारखा होता का, रिसीव्हर ठरल्या अंतरावर वळला का, चेंडू हातांशी येताना त्याची नजर कुठे होती, आणि चेंडू सुटला तेव्हा क्वार्टरबॅकवर दबाव होता का, एवढे चार प्रश्न पुरेसे आहेत. सरावाचे चित्रण उपलब्ध असेल तर नोंद रात्री चित्रण पाहून करावी, कारण मैदानावर उभे असताना डोळा चेंडूमागे जातो आणि रिसीव्हरची पावले दिसतच नाहीत.

ही तपासणी पहिली ठेवण्याचे कारण असे, की सराव सामन्यात सर्वांदेखत सुटलेला एक मोठा झेल आठवडाभर लक्षात राहतो आणि मंगळवारी सकाळी घेतलेले दहा अवघड झेल कोणाच्याही स्मरणात नसतात. शिवाय आकडे लहान असतात. तीस पासांत एकाचे दोन झेल सुटले आणि दुसऱ्याचे चार, एवढ्यावरून दुसरा कमी प्रतीचा ठरत नाही. किमान आठ-दहा सरावांची नोंद हाताशी येईपर्यंत मी कोणत्याही मुलाविषयी मत देत नाही. माझ्या तिसऱ्या हंगामात ज्या रिसीव्हरला सगळे जण कच्चा म्हणत होते, त्याच्याकडे आलेल्या सदोष पासांची संख्या संघात सर्वाधिक निघाली. त्याच्याकडे खोलवरचे, कडेचे, अवघडच पास टाकले जात होते, हे वही उघडल्याशिवाय कोणालाही कळले नव्हते.

दुसरी तपासणी: चेंडू आणि हातमोजे

महाविद्यालयीन नियमांनुसार चेंडूतील हवेचा दाब प्रति चौरस इंच १२.५ ते १३.५ पौंड असावा लागतो. सरावाच्या पिशवीतले चेंडू मात्र आठवडेच्या आठवडे कोणी मोजत नाही. वातानुकूलित खोलीत भरलेला चेंडू ऑगस्टच्या उन्हात अधिक कडक होतो, जुना चेंडू मऊ पडतो, आणि रिसीव्हर एका दिवसात तीन प्रकारचे चेंडू झेलतो. दाबमापक स्वस्त असतो; सर्व चेंडू एकदा मोजून घ्यावेत. नव्या कोऱ्या चामड्यावर गुळगुळीतपणा असतो, म्हणून साहित्य सांभाळणारी मुले ब्रशने घासून आणि चामड्याचे मलम लावून चेंडू सामन्यायोग्य करतात. सामन्यात वापरायचे चेंडू त्याच स्थितीत किमान पंधरा दिवस आधी सरावात आणले नाहीत, तर पहिल्या सामन्यात हाताला परका चेंडू लागतो.

हातमोजे हा विषय क्षुल्लक वाटतो, परंतु त्याला इतिहास आहे. महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या सर्वोत्तम रिसीव्हरला १९९४पासून ज्यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो, ते फ्रेड बिलेटनिकॉफ व्यावसायिक खेळात असताना हातांना चिकट पदार्थ फासण्यासाठी प्रसिद्ध होते. व्यावसायिक लीगने १९८१ साली त्या पदार्थावर बंदी घातली. आजच्या हातमोज्यांचा तळवा स्वतःच किंचित चिकट असतो, मात्र घाम आणि कृत्रिम हिरवळीतला रबराचा भुगा बसला की तो गुण निघून जातो. मोजे गार पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावेत आणि दोन जोड आलटून-पालटून वापरावेत. बोटांच्या टोकाशी कापड मोकळे राहत असेल, तर मोजा एक माप लहान घ्यावा. एवढ्याने वहीतले झेल सुटण्याचे प्रमाण बदलले नाही, तर पुढे जावे.

तिसरी तपासणी: डोळे, शिरस्त्राण आणि प्रकाश

माझ्याकडे एक मुलगा होता. मैदानाच्या उजवीकडून धावताना त्याचे हात लोण्यासारखे मऊ, आणि डावीकडून धावताना चेंडू त्याच्या मनगटावर आदळे. आम्ही तीन आठवडे त्याच्या पावलांवर मेहनत घेतली. शेवटी डोळे तपासले, तेव्हा एका डोळ्याचा नंबर बराच वाढल्याचे निघाले. नवी लेन्स आल्यावर दोन्ही बाजूंतला फरक आठवड्याभरात दिसेनासा झाला. ते तीन आठवडे त्या मुलाने स्वतःला दोष देत काढले, याचे मला आजही वाईट वाटते, आणि तेव्हापासून प्रत्येक रिसीव्हरची डोळे तपासणी मी उन्हाळ्यातच करून घ्यायला सांगतो. पिट्सबर्ग विद्यापीठात असताना २००३ साली बिलेटनिकॉफ पुरस्कार मिळवणारे लॅरी फिट्झजेराल्ड यांचे आजोबा शिकागोत नेत्रतपासनीस होते आणि नातवाकडून लहानपणापासून नजरेचे व्यायाम करून घेत. हातांची ख्याती असलेल्या खेळाडूची सुरुवात डोळ्यांपासून झाली होती, ही गोष्ट मी प्रत्येक नव्या मुलाला सांगतो.

शिरस्त्राण सैल असेल तर धावताना ते भुवयांवर उतरते, आणि खांद्यावरून येणारा खोल पास पाहण्यासाठी मान वर केली की कडा नेमकी चेंडूच्या मार्गात येते. हनुवटीचा पट्टा आणि आतल्या गाद्या बसवणे हे साहित्य व्यवस्थापकाचे दहा मिनिटांचे काम आहे. ते त्यालाच करू द्यावे. प्रकाशाचेही तसेच आहे. सकाळी सराव आणि संध्याकाळी दिव्यांखाली सामना असेल, तर आठवड्यातून एकदा तरी त्या वेळी, त्याच मैदानावर सराव घ्यावा.

चेंडू दुहेरी दिसणे, अंधारी येणे, प्रकाश सहन न होणे अशी तक्रार मुलाने केली, तर ही तपासणी तिथेच थांबवावी. असे लक्षण डोक्याला मार लागल्यानंतरचेही असू शकते. त्याला त्या क्षणी खेळातून बाहेर काढून संघाच्या अॅथलेटिक ट्रेनरकडे, म्हणजे खेळाडूंच्या दुखापती पाहणाऱ्या तज्ज्ञाकडे, द्यावे. मेंदूला इजा झाल्याचे निदान झालेला खेळाडू त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरत नाही, आणि त्यानंतर तो केव्हा परतेल हे केवळ वैद्यकीय मंडळी ठरवतात. प्रशिक्षकाचे, पालकांचे किंवा स्वतः मुलाचे मत इथे गौण आहे.

चौथी तपासणी: शरीराचा थकवा

रिसीव्हर हा सरावात सर्वाधिक अंतर वेगाने धावणाऱ्यांपैकी एक असतो. तासाभरानंतर पाय जड झाले की तो वळणावर उंच उभा राहतो, त्यामुळे धाव मंदावते, चेंडू आधी येतो आणि हात उशिरा पोहोचतात. बघणाऱ्याला हात दिसतात. दमलेले असतात पाय. सरावाआधी आणि सरावानंतर वजन घेणे हा सोपा उपाय आहे. घटलेले वजन बहुतांशी पाण्याचे असते आणि दुसऱ्या दिवशीच्या सरावाआधी ते भरून निघाले आहे की नाही, हे काटा सांगतो.

माझ्या पहिल्या हंगामात झेल सुटताना दिसले म्हणून मी सरावानंतर प्रत्येकाला यंत्रातून सुटणारे शंभर चेंडू रोज झेलायला लावले. आठवड्याअखेर दोन मुलांचे मांडीमागचे स्नायू, ज्याला इथे हॅमस्ट्रिंग म्हणतात, ताणले गेले आणि पहिल्या सामन्याला आमच्याकडे एकूण तीनच धडधाकट रिसीव्हर उरले. त्या हंगामातला खरा दोष क्वार्टरबॅकच्या पावलांत होता, हे ऑक्टोबरमध्ये लक्षात आले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे ते झाले होते, आणि त्याची किंमत मुलांनी मोजली. जादा चेंडू झेलायचेच असतील तर ते सरावाच्या आधी, ताज्या पायांनी, जागेवर उभे राहून आणि वीस-पंचवीसच झेलावेत.

शरीराच्या बाबतीत कुठे थांबायचे हे स्पष्ट लिहितो. धावताना मांडीमागे तट्कन काही तुटल्यासारखे वाटले, चालताना पाय ओढावा लागला किंवा तिथे काळेनिळे दिसू लागले, तर मालीश, शेक आणि ‘थोडे पळून बघ’ हे सर्व बंद करून अॅथलेटिक ट्रेनरला बोलवावे. बोटाचे टोक खाली झुकून राहिले आणि मुलाला ते स्वतःहून सरळ करता येत नसेल, तर ओढून बसवण्याचा प्रयत्न करू नये. क्ष-किरण तपासणी आणि डॉक्टर हवेत. उन्हात खेळाडू असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजून ९११ला फोन करावा आणि मदत येईपर्यंत त्याला बर्फाच्या पाण्यात बुडवून थंड करावे. आधी थंड करायचे आणि मगच रुग्णालयात हलवायचे, हा क्रम इथले ट्रेनर आम्हा सर्वांकडून दरवर्षी पाठ करून घेतात.

पाचवी तपासणी: हात

इथवर काही सापडले नसेल, तरच हातांकडे यावे. छातीच्या वर येणाऱ्या चेंडूसाठी दोन्ही अंगठे एकमेकांजवळ, कमरेच्या खाली येणाऱ्या चेंडूसाठी करंगळ्या एकमेकींजवळ. कोपर शरीरापासून थोडे पुढे आणि किंचित वाकलेले. आणि चेंडू काखेत दाबला जाईपर्यंत नजर त्याच्यावर. मुंबई-पुण्याच्या मैदानांवर स्लिपमध्ये उभे राहिलेल्या कोणालाही हे नवे नाही: चेंडूला हातांनी सामोरे जायचे, पण आदळताना हात मागे द्यायचे. फरक एवढाच, की इथला झेल पूर्ण वेगात, पाठमोरा, आणि कोणीतरी अंगावर येत असताना घ्यायचा असतो.

यातला सर्वाधिक आढळणारा दोष हातांचा नसून नजरेचा आहे. मुलगा चेंडू हातात येण्याच्या क्षणी पुढच्या धावेसाठी मान वळवतो. चित्रण थांबवून पाहिले तर हे निर्विवाद दिसते, आणि त्यासाठी टेनिसच्या चेंडूंवर आकडे लिहून, झेलताना आकडा मोठ्याने सांगायला लावणे हा माझा आवडता उपाय आहे. दोन आठवड्यांत फरक पडतो.

यंत्राविषयी एक सावधगिरी बाळगावी. यंत्र प्रत्येक चेंडू एकाच उंचीवर, एकाच फिरकीने टाकते. क्वार्टरबॅक डावखुरा असेल तर चेंडूची फिरकी उलटी असते आणि हवेतले त्याचे वाहणेही विरुद्ध बाजूला होते. वॉशिंग्टन विद्यापीठाचा मायकेल पेनिक्स ज्युनियर डावखुरा होता. २०२३च्या हंगामात त्याने ४,९०३ यार्डांचे पास पूर्ण केले आणि त्यांतले १,६४० यार्ड एकट्या रिसीव्हर रोम ओडुंझेने झेलले. म्हणजे सवय झाली की उलट्या फिरकीची अडचण उरत नाही. परंतु ती सवय होण्यासाठी चेंडू त्याच माणसाच्या हातून झेलावे लागतात, यंत्रातून नव्हे. संघात नवा डावखुरा क्वार्टरबॅक आला असेल, तर ऑगस्टमधले सुटलेले झेल पाहून घाबरू नये.

सहावी तपासणी: रूट आणि मैदानाची रुंदी

रिसीव्हर ज्या ठरलेल्या मार्गाने धावतो त्याला रूट म्हणतात. माझ्या अनुभवात ‘पकड कच्ची’ म्हणून आलेल्या तक्रारींचा सर्वांत मोठा वाटा इथे सापडतो, म्हणून इथे घाई करू नये.

रूट आणि क्वार्टरबॅकची पावले यांचे घड्याळ एकच असते. तीन पावले मागे जाऊन टाकायचा पास हा आत तिरक्या जाणाऱ्या स्लँटसाठी असतो. बारा यार्डांवर थांबून मागे वळणाऱ्या कर्लसाठी पाच पावले लागतात. शॉटगन रचनेत क्वार्टरबॅक आधीच काही यार्ड मागे उभा असल्याने ही मोजणी बदलते, आणि नेमकी हीच गोष्ट उन्हाळ्यात मुलांनी आपापसात ठरवलेली नसते. रिसीव्हर बाराऐवजी दहा यार्डांवर वळला, तर चेंडू त्याच्या डोक्यावरून जातो. चौदावर वळला, तर वळण्याआधीच चेंडू पाठीला लागतो. मैदानावर शंकू ठेवून, स्टॉपवॉच हातात घेऊन, स्नॅपपासून वळणापर्यंतचा वेळ दहा वेळा मोजावा. दहापैकी दहा वेळा तो जवळपास सारखा आला, तर रिसीव्हर निर्दोष आहे.

शाळेतून नव्याने आलेल्या मुलांच्या बाबतीत आणखी एक कारण असते, जे मला स्वतःला उमगायला दोन हंगाम लागले. मैदान सर्वत्र १६० फूट रुंद असते. खेळ सुरू करताना चेंडू ज्या दोन आखीव रेषांच्या मध्ये किंवा रेषेवर ठेवतात, त्या शालेय मैदानावर रुंदीचे तीन समान भाग करतात, म्हणजे प्रत्येकी ५३ फूट ४ इंच. महाविद्यालयात त्याच रेषा एकमेकींपासून ४० फुटांवर असतात. परिणामी महाविद्यालयात डाव्या रेषेवर चेंडू असताना डावीकडची कड ६० फुटांवर आणि उजवीकडची १०० फुटांवर असते. शाळेत अरुंद बाजूला ५३ फुटांत उभे राहण्याची सवय झालेल्या मुलाला इथे जवळजवळ सात फूट अधिक मिळतात आणि रुंद बाजूला तेवढेच कमी मिळतात. तो जुन्या अंदाजाने उभा राहतो, रूट मग दोन यार्ड आत किंवा बाहेर संपतो, आणि योग्य जागी टाकलेला चेंडू चुकीचा दिसतो. यावरचा उपाय फुकट आहे: प्रत्येक रूटसाठी उभे राहण्याची जागा आकड्यांच्या रंगवलेल्या खुणांवरून ठरवून द्यावी आणि आठवडाभर रोज विचारावी.

कॉर्नरबॅक समोर छातीला छाती लावून उभा राहिला की सुटायचे कसे, हा याच तपासणीचा पुढचा भाग आहे. व्यावसायिक खेळात, खेळ जिथून सुरू होतो त्या रेषेपासून पाच यार्डांनंतर रिसीव्हरला धरण्या-ढकलण्यावर बंदी आहे. महाविद्यालयात तसा पाच यार्डांचा नियम नाही; चेंडू हवेत जाईपर्यंत, समोरून येणाऱ्या रिसीव्हरला बचावपटू हातांनी अडवू शकतो. दूरचित्रवाणीवर व्यावसायिक सामने पाहून शिकलेल्या मुलांना हे ठाऊक नसते आणि ते पाच यार्डांनंतर मोकळे होण्याची वाट पाहत राहतात. पहिल्या दोन पावलांत हातांनी हात झटकणे आणि खांदा खाली नेणे हे शिकवायला पंधरा दिवस लागतात, म्हणून ही कमतरता वहीत दिसताच त्याच दिवशी काम सुरू करावे.

सातवी तपासणी: क्वार्टरबॅक आणि संरक्षण

घरातला दिवा लागत नसेल तर आपण दिवा दुसऱ्या बटणावर लावून पाहतो. तेच इथे करावे. त्याच रिसीव्हरला तोच रूट दुसऱ्या क्वार्टरबॅकबरोबर धावायला लावावे, आणि त्याच क्वार्टरबॅकला तोच पास दुसऱ्या रिसीव्हरकडे टाकायला सांगावे. दोष कोणाबरोबर फिरतो ते दोन सरावांत कळते. सात विरुद्ध सात ठीक आणि अकरा विरुद्ध अकरा बिघडलेले, असे लक्षण असेल तर स्नॅपपासून चेंडू सुटेपर्यंतचा वेळ दोन्ही प्रकारांत मोजावा. खोल रूट पूर्ण होण्याआधीच क्वार्टरबॅकला चेंडू टाकावा लागत असेल, तर पुढच्या फळीच्या प्रशिक्षकाशी बोलणे हा एकमेव उपाय आहे.

रिसीव्हरांच्या प्रशिक्षकाने इथे थांबावे, हे मी आग्रहाने सांगतो. क्वार्टरबॅकच्या पावलांत किंवा खांद्याच्या हालचालीत स्वतः बदल सुचवू नयेत. ते काम त्याच्या प्रशिक्षकाचे आहे, आणि फेकण्याची पद्धत हंगामाच्या दोन आठवडे आधी अर्धवट बदलली तर दोन्ही पद्धती हातच्या जातात. वही आणि मोजलेले वेळ त्यांच्यापुढे ठेवावेत.

आठवी तपासणी: आराखडा

लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या संघाचे उदाहरण मी यासाठी वारंवार देतो. २०१८ साली तिथे जो बरो क्वार्टरबॅक होता, त्याचे ५७.८ टक्के पास पूर्ण झाले आणि त्याच्या पासांवर १६ टचडाउन झाले, म्हणजे चेंडू तितक्या वेळा प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात पोहोचला. रिसीव्हरांपैकी जस्टिन जेफरसनने त्या हंगामात ८७५ यार्ड झेलले, जामार चेसने ३१३. २०१९च्या आधी व्यावसायिक संघाच्या अनुभवातून आलेले जो ब्रेडी पासच्या खेळाचे समन्वयक झाले, मैदानभर पसरून, अधिक रिसीव्हर धाडून खेळायचे ठरले, आणि त्याच तिघांनी काय केले पाहा: बरोचे ७६.३ टक्के पास आणि ६० टचडाउन, जेफरसनचे १,५४० यार्ड, चेसचे १,७८०. संघ पंधराही सामने जिंकला. चेस आदल्या वर्षी नवखा होता आणि मुले एका वर्षात वाढतात, हे मान्य केले तरी जेफरसनच्या हातांना त्या उन्हाळ्यात नवे काही फुटले नव्हते. बदल मुख्यतः आराखड्यात होता.

म्हणून वहीत रिसीव्हर निर्दोष, क्वार्टरबॅक निर्दोष, आणि तरीही कोणी मोकळे होत नाही असे दिसले, तर प्रश्न कोणते रूट एकत्र धावतात, स्नॅपच्या आधी रिसीव्हरला जागेवरून हलवले जाते का, आणि बचाव फळीला काही अंदाज बांधणे किती सोपे जाते, हे आहेत. हा निर्णय मुख्य प्रशिक्षक आणि आक्रमण समन्वयक यांचा आहे. ऑगस्टमध्ये संपूर्ण आराखडा बदलणे शक्य नसते. दोन-तीन जोड-रूट वाढवणे शक्य असते.

नववी तपासणी: माणसे

ही सर्वांत महाग आणि सर्वांत कठीण, म्हणून शेवटी. सर्व तपासूनही रिसीव्हर खरोखर अपुरे असतील, तर ऑगस्टमध्ये बाहेरून माणूस आणणे जवळपास अशक्य असते. शोध घरातच घ्यावा लागतो. ओहायो स्टेट विद्यापीठाचा ब्रॅक्स्टन मिलर खांद्याच्या दुखापतीनंतर २०१५ साली क्वार्टरबॅकचा रिसीव्हर झाला. क्लेम्सनचा हंटर रेनफ्रो शिष्यवृत्तीशिवाय संघात आला होता. जानेवारी २०१७च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात अलाबामाविरुद्ध एक सेकंद शिल्लक असताना विजयाचा झेल त्याने घेतला आणि क्लेम्सनने ३५-३१ अशी बाजी मारली. सरावाच्या शेवटच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलांच्या नावांसमोरही वहीत तितक्याच काळजीने नोंदी असाव्यात, त्या यासाठी.

दुसरा मार्ग म्हणजे रिसीव्हरांची संख्याच कमी लागेल असे खेळणे: दोन टाइट एंड, म्हणजे पुढच्या फळीच्या टोकाला उभे राहून अडवणारे आणि पासही झेलणारे खेळाडू, मैदानात ठेवणे, धावणाऱ्या खेळाडूंकडे छोटे पास टाकणे. जखमी मुलगा घाईने परत आणण्यापेक्षा मी हा मार्ग नेहमी सुचवतो.

मुलगा सरावात सर्व झेल घेतो, शरीर ठीक, डोळे ठीक, रूट अचूक, आणि तरी लोकांसमोर हात गोठतात, असेही एखाद्या हंगामात घडते. तो झोपत नाही, जेवण कमी झाले आहे, किंवा खेळ सोडण्याविषयी बोलतो, असे दिसले तर झेलांची चर्चा पूर्ण बंद करून त्याला महाविद्यालयाच्या समुपदेशकाकडे किंवा क्रीडा मानसशास्त्रज्ञाकडे न्यावे, आणि पहिल्यांदा स्वतः बरोबर जावे. त्या मुलाच्या पानावर पुढचे पंधरा दिवस मी कोणतीही नोंद करत नाही.